जनरलसाहेबांची धर्मलेकरं

३ मार्च १९५५, गुरुवार

पोचले एकदाची! डोंगरावरचं हे जनरलसाहेबांचं घर म्हणजे काय सांगू, भिंतीवरून बोट फिरवलं तर धुळीचा कण लागत नाही. मी इथली नवी आया. हाताखाली अकरा मुलं, सगळी जनरलसाहेबांची धर्मलेकरं. म्हणजे त्यांच्या बाप्तिस्म्याला साहेब स्वतः धर्मपिता म्हणून उभे राहिलेले. माझ्या सहा महिन्यांच्या लुसिलालाही खुशाल आण म्हणाले. स्वयंपाकीण प्रिसिलियानाबाई तेवढी खवट. मला पाहून म्हणे, आली आणखी एक दात काढत! मी लक्ष दिलं नाही. मक्याची गरम पेज आणि केळीच्या पानात उकडलेले गोड टमाले असे हाणले की कंबरपट्टा सैल करावा लागला.

मला इथे यायचंच होतं. माझा नवरा गिल्दो बंदरावर केळीचे घड चढवतो, आणि त्याला तोंड आवरत नाही. संघटना काय, आठ तासांचं काम काय! गेल्या महिन्यात त्याच्या टोळीतले दोघं शिपायांनी उचलले, ते परत आलेच नाहीत. जनरलसाहेब लुसिलाचे धर्मपिता झाले, तर गिल्दो त्यांचा कोंपाद्रे होईल. आपल्याकडे माणूस एक वेळ सख्ख्या भावावर हात टाकेल, पण आपल्या धर्मलेकराच्या बापावर, कोंपाद्रेवर, कधीच नाही. तेवढं जमलं की मी सुटले.

७ मार्च

लोक उगाच घाबरतात. हा माणूस दारू पीत नाही, शिवी देत नाही, रोज प्रार्थनेला जातो. शनिवारी अकराही मुलांची नखं स्वतः कापतो. आज नाश्त्याला साहेब मुलांना समजावत होते, की आपण कुणाचा द्वेष करत नाही. कम्युनिस्ट म्हणजे आजारी माणूस, त्याला देवही नको आणि बापही नको. सात वर्षांच्या आत पकडलं तर मूल बरं होतं, मोठा माणूस होत नाही. एवढं बोलून पावाला लोणी लावायला लागले.

एक मात्र चमत्कारिक आहे. इथली मुलं रडत नाहीत. काल सहा वर्षांच्या बेनिग्नोचं बोट दारात चेचलं, तर पोरगं हूं की चूं न करता साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

१२ मार्च

विचारलं! हो म्हणाले! डोळे भरून आले त्यांचे. लुसिलाच्या बापाचं नाव, काम, उठणंबसणं कुणाबरोबर, सगळं आपुलकीने विचारलं. मीही भडाभडा सांगून टाकलं. चार जिवलग मित्रांची नावंही दिली, घरच्या माणसापासून काय लपवायचं! वीस तारखेला रविवारी बाप्तिस्मा. प्रिसिलियानाबाईला सांगितलं, तर तिने खाडकन माझ्या थोबाडीत मारली.

१५ मार्च

आज धुणं पिळताना प्रिसिलियानाबाई बोलली. या अकरांपैकी बेनिग्नोचा बाप तेवढा निसटला, बाकी एकाचेही आईबाप जिवंत ठेवले नाहीत म्हणे. आधी बाप्तिस्मा, मग गोळी. आईबाप गेले तर मूल सांभाळणं हे धर्मपित्याचं काम, आणि साहेब आपल्या कामात कसूर करत नाहीत. ज्याचा बाप मारायचा, त्याला आधी दुसरा बाप द्यावा, हीच माझी दया, असं ते म्हणतात.

मी म्हटलं, म्हातारे, तुझी जीभ झडो. मग पिळा तसाच टाकून लुसिलाकडे धावले.

१६ मार्च

बेनिग्नोचा बाप पकडला. दोन वर्षं डोंगरात लपला होता. नाश्ता संपायच्या आत अंगणात आणला, मुलांना ओळीत उभं केलं. साहेबांनी बेनिग्नोला विचारलं, तुझा बाप कोण? पोराने साहेबांकडे बोट दाखवलं. तो माणूस हसला, देवा रे, मुलाला जपायला हसला! पहिली गोळी गुडघ्यात. दुसरी तोंडात. दात फरशीवर उडाले. साहेबांनी खाली वाकून पोराच्या बुटावरचं रक्त रुमालाने पुसलं. मग मुलांना पेज संपवायला लावली. सगळ्यांनी संपवली.

१८ मार्च

खेचरवाल्याबरोबर गिल्दोला चिठ्ठी धाडली होती — येऊ नकोस, पळ — खेचरवाला फाटकाशीच लटकतोय. चिठ्ठी त्याच्या तोंडात कोंबलेली.

साहेबांनी गिल्दोचं पत्र स्वतः वाचून दाखवलं. साहेबांचं आमंत्रण मिळालं, नवा सदरा घेतलाय, चौघा मित्रांनाही आणतोय. खुळा माझा.

२० मार्च, दुपार

आले. मला खोलीत कोंडलंय. खिडकीतून दिसलं — साहेबांनी गिल्दोला मिठी मारली, कोंपाद्रे म्हणाले. लुसिलाच्या डोक्यावर पाणी घातलं. मी ओरडले, पण घंटा वाजत होत्या —

चार गोळ्या, चौघेही मित्र पडले. गिल्दो उठून धावला. माझ्या नावाने हाक मारली त्याने. शिपायांनी कोयत्याने — नाही लिहवत —

मीच दिली ती नावं. मी —

जिन्यावर पावलं. लुसिला रडतेय. तीच रडतेय या घरात. दूध सुटलंय मला —

साहेब आत आले. तिला माझ्या मांडीवर ठेवलं. पोटभर पिऊ दे, म्हणाले, ती झोपेपर्यंत घाई नाही. समोर खुर्ची ओढून बसलेत. पिस्तूल गुडघ्यावर. लिही, लिही, म्हणतात —

पितेय. एका हाताने —

डोळे मिटायला लागली — नको गं बाई, झोपू नकोस — दुसऱ्या बाजूला घेतलं — पी, अजून थोडं, पी माझे राणी, अजून —