विदाऊट इश्यू

१० जून, मंगळवार
तळवलीच्या हिराबाई आमच्या नोटरी साहेबांच्या ऑफिसात आल्या. एकट्याच. मार्चमध्ये दिरासोबत आल्या होत्या, नवरा वारल्यावर वारस नोंदीचं प्रतिज्ञापत्र करायला. आज त्याचीच झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. "बाय, मना पोर नाय असा लिवलाय यान?"
वाचलं. इंग्रजीत होतं: ‘डाइड विदाऊट इश्यू’. कोणीतरी खाली लाल रेघ मारलेली. शेवटी माझी सही. ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला.’
म्हटलं, "वाचलं तसंच सांगितलं मावशी."
तोंडातून गेलं खरं.

११ जून
मसुदा दीरच तयार घेऊन आला होता, दुसऱ्या वकिलाचा. आमच्याकडे फक्त नोटरी. जेवायची वेळ, साहेब घाईत. मी वाचत वाचत मराठी करत गेले. आठ वर्षं कोर्टाच्या कागदांत इश्यू म्हणजे वादमुद्दा असंच टाइप केलंय. तेच सांगितलं, "काही वाद मागे न ठेवता वारले."
हिराबाई म्हणाल्या, "वाद कसला, गरीब मानूस." अंगठा दिला.
दीर शेजारीच. मसुदा त्यानेच करून घेतलेला, त्याला अर्थ माहीत होता. माझं ऐकून गप्प बसला.
आणि मी? त्या शब्दावर अडखळले होते. वाक्य विचित्र वाटलं होतं. साहेबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, इंग्रजी घेऊन एम.ए. ना तू? म्हणून नाही विचारलं. एवढ्यासाठी.

१२ जून
डिक्शनरी काढली. प्रश्न. वाद. मासिकाचा अंक. देणं, वाटणं. स्राव. सगळ्यात खाली, कायद्यातला अर्थ: संतती.
सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर ‘वॉटर इश्यू’. डबा घेताना हे म्हणाले, "गप्प का? काही इश्यू?" नाही म्हटलं.

१४ जून, शनिवार
साहेबांना सांगितलं. "सही तुझी, शिक्का माझा. तू बरोबरच समजावलं होतंस. कळलं?"
मान डोलावली. का डोलावली?

१७ जून
हिराबाई परत. तासभर बाकावर बसून. शेवटी मीच पाणी घेऊन गेले, तेव्हा बोलल्या. एकुलती मुलगी वनिता, कळंबोलीला दिलेली. तलाठ्याकडे गेली तर वारसांत तिचं नाव नाही. तिला वाटतं, काकाचं ऐकून आईनेच मुद्दाम लिहून दिलं. तेव्हापासून फोन घेत नाही.
"घराचा काय तो होईल. पन पोरीला वाटते, मीच तिला पुसली."
मी टेबलाशी परतले. फाइल उघडून बसले. कोणती, तेही आठवत नाही.

२२ जून, रविवार
तळवलीला गेले. घर शोधत. हिराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं, की चूक माझी. शंका आली होती, तरी विचारलं नाही, हेही.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "तुझा फोन लाव. माझा ती घेत नाय."
नंबर त्यांना पाठ. वनिताने उचलला. मागे ट्रकचे हॉर्न. माझं नाव सांगितलं, मग सगळं. मधे एकदाही तोडलं नाही तिने.
"हे लिहून द्याल?"
"देते."
"काकांना माहीत होतं, तेही?"
"तेही. आईंना देऊ फोन?"
"आधी लिहून द्या." ठेवला.
हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत. "माझा काय इचारला का?"
मी म्हटलं, लिहून मागितलंय.
"मंग दे लिवून." आणि चहा ठेवायला आत गेल्या. नको म्हणायचा धीर झाला नाही.
घरी येऊन कोरा कागद घेतला. उद्या सोमवार. साहेबांना आधी सांगायचं, की आधी वनिताला नेऊन द्यायचं? साहेबांना सांगितलं तर देऊ देतील का? ते उद्या. आधी लिहून काढते.