‘तांड्याचा आवाज’ बंद आहे

७ नोव्हेंबर २०२३

खातं बंद! सकाळी मोबाईल उघडला तर पांढरा पडदा आणि चार ओळी इंग्रजीत — तुमचं खातं आमच्या नियमांत बसत नाही, म्हणून बंद करण्यात आलं आहे. कोणता नियम? कोणी तक्रार केली? काही नाही. खात्याला जोडलेली एकवीस हजार माणसं एका फटक्यात गेली. ‘तांड्याचा आवाज’ मी तीन वर्षं राबून उभा केला. बोंडअळीचे व्हिडिओ, फवारणीत विषबाधा झालेल्या लखीरामकाकांची मुलाखत, आमच्या रस्त्याचा चिखल — सगळं त्यातच होतं.

संघदीपला फोन केला. कॉलेजपासूनचा मित्र, आता महागावच्या कोर्टात वकिली करतो. खवळलाच. “काहून बंद केलं पण? गरिबाचं दुःख दाखवलं म्हणून? सोडायचं नाही भाऊ आपण!”

मी म्हटलं, हो ना यार. दुसरं काय म्हणणार?

याडीनं विचारलं, काय झालं. (हॉस्टेलवर असताना तिला ‘आई’ म्हणायची सवय लागली होती, तांड्यात परत आलो आणि पुन्हा याडी.) म्हटलं, काही नाही, मोबाईल बिघडला.

८ नोव्हेंबर

कुठंतरी खरं लिहिलं पाहिजे. इथं लिहितो.

दसरा झाल्यावर रुपीमावशी आली. याडीची धाकटी बहीण, ढाणकीकडच्या तांड्यात असते, वर्षभरानं आली. आमच्या बाया अशा खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. मोठ्यानं, चाल लावून, त्यात शब्द असतात काहीबाही. आनंदाची भेट असली तरी रडतातच. पुरुष उठून बाहेर जातात. रडणं झालं की पदरानं डोळे पुसायचे आणि चहा ठेवायचा. लहानपणापासून बघतो आहे.

त्या दिवशीही मी बाहेर आलो. वळून पाहिलं तर दाराच्या चौकटीत दोघी, मागे वेचलेल्या कापसाचा ढीग, तिरपं ऊन. लग्नाचे व्हिडिओ करून पोट भरणारा माणूस मी! हात आपोआप खिशात गेला.

संध्याकाळी स्टुडिओत बसून ते शूटिंग कापलं. त्यांचा आवाज न ऐकताच काढून टाकला — लांबण लागते, आणि आमची बंजाऱ्यांची गोरबोली बाहेर कोणाला कळते? बासरी टाकली. वर लिहिलं: ‘बोंडअळीनं सगळं नेलं. या माउलीचं रडणं कोणापर्यंत पोचेल का?’

चार लाख लोकांनी पाहिलं. कमेंटा वाचता वाचता मलाच रडू आलं. काय नमुना आहे मी!

बोंडअळी काही खोटी नाही. आमच्याच वावरातली अर्धी बोंडं किडकी निघाली. बा ऊसतोडीला कारखान्यावर गेला तो त्यामुळेच. म्हणजे सगळं खरं, फक्त रडणं तेवढं दुसरं. काल दिवसभर स्वतःला हेच समजावत होतो. आज लिहून पाहिलं तर पटत नाही.

९ नोव्हेंबर

अर्धवटच लिहिलं काल.

व्हिडिओ खूप चालला होता तेव्हा खाली रंजितानं लिहिलं. रुपीमावशीची मुलगी, यवतमाळला नर्सिंग शिकते. ‘दादा, ही माझी आई आणि मावशी. आमच्यात भेटीला असंच रडतात. हे कापसाचं रडणं नाही. प्लीज काढून टाक.’ बस. शिवी नाही, टोमणा नाही.

मी कमेंट उडवली आणि तिला ब्लॉक केलं. चहाचा कप खाली न ठेवता.

मग तिनं तेच स्वतःच्या खात्यावर लिहिलं. ते पसरलं. लोक मला खोटारडा म्हणायला लागले, धडाधड तक्रारी केल्या आणि ‘तांड्याचा आवाज’ बंद. संघदीपला यातलं काहीच माहीत नाही. तो बिचारा अपिलामागून अपील टाकतो आहे.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. पोरी दिवे घेऊन घरोघर फिरल्या, आमच्या दारातही आल्या. एक चिमुरडी याडीला म्हणाली, “तू मोबाईलमंदी रडत होती ना वं?”

याडीनं माझ्याकडे पाहिलं. पोरींना वाटेला लावलं. मग म्हणाली, “दाखव.”

मोबाईलमध्ये माझ्याकडचा होता तो दाखवला. वर काय लिहिलंय ते तिनं मला वाचायला लावलं.

“मी का भीक मांगतो काय लोकाइले?” म्हणाली. थोड्या वेळानं — “अन् माहा आवाज कुठी गेला?”

“काढला. वर बासरी टाकली.”

“बरं केलं,” म्हणाली आणि चुलीकडे गेली. त्या दोन शब्दांनी मला केवढं हायसं वाटलं! निर्लज्ज.

१४ नोव्हेंबर

याडी कालपासून बायांबरोबर वेचणीला गेली नाही. ‘रामीबाईनं जगासमोर पदर पसरला’, असं बाया याडीबद्दल बोलतात म्हणे. तिनं हे मला सांगितलं नाही. शेजारून कळलं.

१९ नोव्हेंबर

आज महागावला सभा झाली. संघदीपनंच घेतली, वाचनालयाच्या हॉलमध्ये. विषय — बोलण्याचा हक्क. पत्रकावर माझा फोटो, खाली ‘मुस्कटदाबीचा बळी’. फोटोत मी फारच गंभीर दिसतो.

संघदीप बोलला तेव्हा अंगावर काटा आला. “माह्या आज्यानं पाटलासमोर कधी तोंड उघडलं नाही. आम्ही बोलाले शिकलो ते कोणाच्या मेहेरबानीनं नाही. अन् आता कुठली तरी कंपनी, कुठल्या तरी देशात बसून, न विचारता, न सांगता आमचं तोंड बंद करते!” खरं होतं त्याचं, शब्द न् शब्द. खोटा फक्त त्याच्या शेजारी खुर्चीवर बसला होता.

मग मी उठलो. वाटलं होतं, जमणार नाही. कसलं काय! झकास बोललो. गळा दाबणं, आवाज चिरडणं, सगळं आलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेवटच्या ओळीत रंजिता दिसली, मांडीवर बॅग घेऊन बसलेली. मी पाणी प्यायलो. पुढचं काय बोललो ते आठवत नाही.

सभा संपल्यावर जवळ आली. वाटलं, आता सगळ्यांसमोर काढते माझी. पण हळूच म्हणाली, “दादा, मले अनब्लॉक कर ना. भाऊबीजेचा फोटो बी पाठवता आला नाही तुले.”

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर

संघदीपला सगळं सांगितलं. कोर्टाबाहेरच्या टपरीवर. बासरीपर्यंत सगळं.

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, “व्हिडिओचं मी गिळलं असतं एखाद वेळ. पण तिची कमेंट उडवली तू? तिले ब्लॉक केलं? अन् मी तुले स्टेजवर बसवून राह्यलो!”

“अपील मागे घे,” मी म्हटलं.

“कायले? खोटं बोलणाऱ्याचंही तोंड असं गुपचूप बंद करता येत नाही. कारण सांगा, त्याचं ऐकून घ्या, मग काय ते करा. मी त्याच्यासाठी लढून राह्यलो, तुह्यासाठी नाही.” चहाचे पैसे त्यानंच दिले. जाताना — “खातं सुरू झालं तर पहिले खरं लिहायचं. नाही तर मले फोन करू नको.”

२१ नोव्हेंबर

वेचणीला मी गेलो, याडीऐवजी. बाया माझ्याकडे पाहून कुजबुजत होत्या. जाऊ दे, ऐकून घेतलं.

२८ नोव्हेंबर

अवकाळी. उभा कापूस झाडावरच भिजला, लोंबतोय. व्हिडिओ काढावासा वाटला. काढला नाही.

२९ नोव्हेंबर

खातं सुरू झालं! ‘चुकून बंद झालं होतं, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ एवढंच. का बंद केलं तेही सांगितलं नाही आणि का सुरू केलं तेही नाही. लखीरामकाका आहेत, चिखल आहे. तो व्हिडिओही आहे, बासरीसकट.

पहिल्यांदा रंजिताला मोकळं केलं. मग तो व्हिडिओ उडवला. मग लिहायला बसलो. पाच वेळा खोडलं. शेवटी हे टाकलं —

‘मी तुमच्याशी खोटं बोललो. त्या व्हिडिओतलं रडणं कापसाचं नव्हतं. आमच्या समाजात बाया भेटल्या की गळ्यात पडून रडतात, ती नुसती रीत आहे. माझ्या आईला त्या दिवशी कसलंही दुःख नव्हतं. हे सांगणाऱ्या माझ्या बहिणीला मी ब्लॉक केलं होतं. तिची आणि तुमची माफी मागतो.’

शिव्या आल्या पोतंभर. येऊ द्या. रंजितानं खाली हात जोडले. संघदीपचा फोन — “आता जमलं.” किती दिवसांनी पोटभर जेवलो. याडीला वाचून दाखवलं, तर नुसती “हूं” म्हणाली.

१ डिसेंबर

रुपीमावशीचा फोन आला. रंजितानं तिला माझी माफी वाचून दाखवली होती. वाटलं, कौतुक करेल.

“तिले दुःख नव्हतं असं काहून लिवलं रे तू? लोकाच्या वावरात फवारणीचं औषध कालवलं तिनं पुरा हंगाम, नुसत्या हातानं. ते डोळ्यात उडून एका डोळ्याचं दिसणं गेलं तिचं, दुसऱ्यानं अंधुक दिसते. तेच तर रडून सांगत होती मले.”

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं तिनं?

“मीच म्हटलं, पोराले सांग. तर नको म्हणे. तो मोबाईलवर टाकते.”