न दुखणारी गाठ

अजिनाथ,

वर 'चिरंजीव' लिहिलं हुतं, ते खोडलं. आशीर्वाद द्यायचं तोंड मला न्हाई.

दिवाळीत, ऊसतोडीला निघायच्या आधी, तू दबकत म्हणालास, "दादा, अंडाला कडक गाठ झालीय. दुखत मातर न्हाई." मीच दरडावलं, "दुखत न्हाई तर गप ऱ्हा. पोरगी बघायला जायचंय. बोभाटा झाला तर लग्न मोडंल, आन नवरा-बायकोची जोडी नसली की मुकादम एकट्याला अर्धाच कोयता धरतो, पैसं बी अर्धंच देतो." तू गप ऱ्हायलास. सहा महिने मोळ्या उचलल्यास.

आज नगरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आन रक्ताचे रिपोर्ट बघून कॅन्सर सांगितला. ते अंड काढायचं, पोटात पसरलाय का ते सीटी स्कॅनमधी बघायचं, लागलं तर केमो. म्हणाले, "वेळेत आलं की हा बरा होतो."

मग विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

मी डोक्यावरची टोपी सारखी करत बसलो. तूच खाली बघत म्हणालास, "पंधरा दिस झालं आसतील. दादानं लगीच आणलं."

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "भाऊ असावा तर असा."

अजिनाथ, मी मान डोलावली रं.

तुझा दादा म्हणवून घ्यायला लाजणारा,
कानिफनाथ