तीस अंशांचं कारंजं

प्रिय मास्तर,

लग्न करायचं का, असं तू विचारलंस त्याला पंधरवडा झाला आणि मी अजून 'बघू'वरच आहे. 'बघू' हे काही उत्तर नव्हे, कळतंय मला. पण बागेतलं कारंजं सुरू होईपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि खरं सांगू, भीतीही वाटत होती. तू कागदावर मांडल्याशिवाय पाऊल उचलत नाहीस. मी आधी पाना फिरवते, मग विचार करते. आपलं जन्मभर जमायचं कसं, याचाच घोर लागला होता.

काल एकदाचं कारंजं सुरू झालं. त्याची गंमत ऐक. पाणी समोरच्या दगडी कुंडात पडावं म्हणून गणित तूच करून दिलं होतंस. पाण्याच्या वेगाचे दोन भाग करायचे, एक उभा, एक आडवा. उभ्यावरून पाणी किती वेळ हवेत राहील ते काढायचं, त्या वेळाला आडव्याने गुणायचं, की ते कुठे पडणार ते कळतं. तुझं उत्तर होतं, तोटी तीस अंशांवर. मी इमानेइतबारे तीसवर बसवली. फक्त आमच्या कारखान्यात कोन उभ्या नळापासून मोजतात, आणि तू मोजला होतास जमिनीपासून.

हे माझ्या डोक्यात केव्हा शिरावं? बाग माणसांनी भरल्यावर, काकांनी झडपेला हात घातल्यावर. कारखाना काकांचा, अब्रूही त्यांचीच. पाणी सुटलं ते थेट आभाळाकडे. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी खुर्च्या मागे ओढल्या. मग पाणी वर जाऊन वळलं आणि नेमकं कुंडात पडलं, माझा जीव भांड्यात. ठरल्यापेक्षा तिप्पट उंच गेलं होतं ते. टाळ्या थांबेनात. एरवी कौतुकाला कंजूष असलेले काका 'आमच्या पोरीचं काम' म्हणून ओळखी-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटले.

घरी येऊन मी आपणहून गणित मांडलं. तीसच्या जागी साठ घेतले. उभा वेग वाढला, म्हणून पाणी जास्त वेळ वर राहिलं. आडवा घटला, म्हणून सावकाश पुढे सरकलं. गुणाकार तेवढाच आला. तोटीचं तोंड आणि कुंडाची कड एका पातळीत होती म्हणून निभावलं, नाहीतर पाहुण्यांची आंघोळ ठरलेली. तू म्हणशील, नशीब. खुशाल म्हण.

पण हे पत्र कारंज्यासाठी नाही. उत्तर जुळलं तेव्हा इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ते कुणी म्हणजे तूच होतास. आई शेजारच्या खोलीत असूनसुद्धा. कामावरून आल्यावर रोजचं सगळं तुलाच सांगावं, तेही समोर बसून, असं वाटलं. आपण भांडू, भरपूर भांडू. तरी माझं उत्तर हो आहे. रविवारी ये. आई आणि काकांना मात्र तूच विचार, मला लाज वाटते.

तुझीच,
कारंजेवाली