मडक्यातला विस्तव

बेटावरून, द्राक्षतोडणीचा आठवा दिवस

चि. मेलास यास थ्रासोनचे अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी अपोलोला मध वाहून परतत होतो, तोच बंदरावर ओरडा झाला. तुमचं जहाज परत आलं होतं. सगळा गाव दगड घेऊन धावला. मीही एक उचलला. दुष्काळाचं पाचवं वर्ष. बाबांचं शेत दोघांत वाटून एकाचंही पोट भरेना, म्हणून तर घरटी एका भावानं लिबियात वसायला जायचं ठरलं आणि खापरीवर तुझं नाव निघालं. परतणाऱ्याला उतरू द्यायचं नाही, ही शपथ आपण दोघांनी घेतली होती. दगड फेकताना मी डोळे मिटले. मेलास, तो कुणाला लागला? आणि इतक्या लवकर का पळून आलास? लिबियाला जाणाऱ्या व्यापाऱ्याकडे शिशाच्या पत्र्यावर कोरलेलं हे पत्र देतो आहे.

तुझ्या खुशालीच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,
दादा

लिबियाचा किनारा, पेरणीचे दिवस

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझा दगड माझ्याच खांद्याला लागला. लहानपणी समोरची बकरी टिपता येत नव्हती तुला. डोळे मिटल्यावर नेम सुधारतो म्हणायचा. खांदा बरा आहे.

पळून आलो नव्हतो, दादा. लाट जहाजात शिरली आणि गावच्या अग्निकुंडातून दिलेला विस्तव विझला. तोच मागायला आलो होतो. आम्ही ओरडत होतो, तुम्ही ऐकलं नाही. इथे जमीन हवी तेवढी आहे, पाऊसही पडतो. पोटापुरती चूल चकमकीनं पेटते. पण चूलदेवी हेस्टियाचं कुंड थंड; ते मूळ गावच्या विस्तवानंच पेटवावं लागतं. त्यामुळे नैवेद्य नाही, कुणी घराचा पाया घालत नाही. उन्हाळ्यापर्यंत विस्तव आला नाही तर पांगायचं, असं लोक बोलतात.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
मेलास

क्रीटच्या बंदरातून, समुद्र शांत झाल्यावरचा चौथा दिवस

चि. मेलास यास आशीर्वाद.

तुझं पत्र चौकात वाचून दाखवलं. माना खाली गेल्या; पण विस्तव कोण नेणार म्हटल्यावर प्रत्येकाला आपापलं शेत आठवलं, कारण जो गेला त्याला पुन्हा आपल्या बेटावर उतरता येत नाही. मीही हिवाळाभर कुंडासमोर बसून देवीला कौल मागत राहिलो. शेवटी तुझी वहिनी निको चिडून म्हणाली, की दगड मारायला हात पुढे होता, विस्तव न्यायला मागे का? मग तिनंच मडकं घासलं आणि दोघांची अंथरुणं बांधली. शेत जावयाला दिलं.

इथे पाणी भरायला थांबलो आहोत. पुढे निघालेल्या नावेबरोबर हे पाठवतो. मडकं माझ्या मांडीवर आहे. आत्ताच राख सारून पाहिली. निखारा लाल आहे. आमचं जहाज दिसलं की किनाऱ्यावर ये. हातात दगड घेऊन आलास तरी मी उतरणार.

तुझा दादा