कॉलेजच्या दारातलं कुंकू

सोमवार, संध्याकाळ

आज धुळ्याच्या कॉलेजात माझा पहिला दिवस. या वयात! दारात मोठ्या वर्गातल्या मुली नव्यांना कुंकू लावत होत्या. माझ्यापुढे येताच, मोकळं कपाळ नि गळा पाहून एकीचा हात थांबला. मीच म्हटलं, "राहू दे बाई, आमचे हे नाहीत." ती ओशाळली, नुसता गुलाब दिला. तो थांबलेला हात डोळ्यांपुढून जात नाही. दिवसभर माझ्या बाकावर कुणीच बसलं नाही. पोरी बिचकल्या, की मीच आखडून बसले? उद्या जाऊच नये, असं वाटत होतं. सुटल्यावर वर्गातलीच नरडाण्याची एक पोर धावत आली. "अक्का, मनी गाडी रोज लेट येस. उद्या तुमच्याजवळ मनी जागा धरी ठेवजा, बरं!"

तिची जागा धरून ठेवायला मी हो म्हणून बसले. आता तिच्या आधी पोचायला हवं.