टेकाडावरची मुरडशेंग

अमडापूर, सोमवार

प्रिय शाहजादी,
घरातल्या सगळ्यांना सिंधूचा नमस्कार सांग.

तुझ्या मलिहाच्या बाळाचं पोट मुरडतं, म्हणून शुक्रवारी तू मुरडशेंगा न्यायला येणार, असा निरोप मिळाला. माझ्या छकुलीला तूच ती पीळदार शेंग सहाणेवर उगाळून चाटवली होतीस. चिखलीला राहायला जाताना बजावलंस, "सिंधू, ह्या झुडपाले हलवू नको व. त्याले मुरमातच बरं वाटते."

मी ऐकलं नाही. टेकाडावर ते एकच उरलं होतं. तुझी आठवण दारात असावी म्हणून उन्हाळ्यात खणून आणलं, तुळशीजवळ लावलं. शेणखत घातलं, रोज पूजा झाली की तांब्याभर पाणी. आमचे हे म्हणाले, "काऊन त्याले बुडवून राह्यली?" पंधरा दिवसांत पानं गळाली, मुळं कुजली. तुला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून काल हे लिहायला घेतलं, आणि अर्धवट ठेवून टेकाडावर गेले.

खणलेल्या खड्ड्यात, दगडाखाली तुटून राहिलेल्या मुळाला तीन कोंब फुटलेत. पानं तीच, खरखरीत. मी हळदकुंकू वाहिलं. पाण्याचा तांब्या भरून नेला होता, तो तसाच परत आणला.

देव्हाऱ्याच्या डबीत मागच्या सालची एक शेंग जपून ठेवली आहे. बाळाला तेवढी पुरेल. पत्र टाकत नाही, शुक्रवारी तुझ्या हातातच देईन. वाचून झालं की टेकाडावर चल, आणि काय रागवायचं ते तिथंच रागव.

तुझं न ऐकणारी,
सिंधू